रशियन जीपची चौकशी

"जनरलची गाडी होती," असं गाडी विकणाऱ्या त्या विक्टरनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि सुलभाबाईंचा संशय पक्का झाला. खऱ्या मालाला एवढं बोलावं लागत नाही.

अमेरिकेत, ॲन आर्बर गावाच्या बाहेर, बर्फ साचलेल्या अंगणात ती हिरवी रशियन जीप उभी होती. त्यांच्या मुलाची, अनिलची नजर तिच्यावरून हलत नव्हती. यातूनच तो लेकीला रोज शाळेत सोडणार होता. सुनेनं, उत्तरानं, सासूला सोबत धाडलं ते हा सौदा मोडायलाच. आईनं नाही म्हटलं की विषय संपला.

"आई, सोव्हिएत आर्मीची आहे. अठ्ठ्याहत्तर सालची. अफगाणिस्तानात लढून आलीय."

"लढून आली आणि अंगावर ओरखडा नाही? देवच पावला म्हणायचा."

सुलभाबाईंनी गाडीभोवती फेरी मारली. बाजारात बैल बघावा तशी वाकून खालूनही पाहिली. दाराच्या बिजागरीपाशी रंग फुगला होता. तिथं त्यांनी बांगडीची कड लावली. हिरव्याखाली पांढरं निघालं. पांढऱ्यावर तांबडं.

"शिंगं रंगवून बैल विकतोस काय, विचार त्याला."

अनिलनं ओशाळत इंग्रजीत काहीतरी गुळमुळीत विचारलं. विक्टरनं खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग बोलला, ते अनिलनं थांबत थांबत सांगितलं.

"लढाई बघितलीच नाही म्हणतो हिनं. खेड्यातल्या दवाखान्याची अँब्युलन्स होती. बायको नर्स, हा ड्रायव्हर. रंग इथं आल्यावर दिला. आता इराक चाललंय ना, गिऱ्हाइकाला लढाईतलीच गाडी हवी असते."

"मघाशी जनरल, आता नर्स. थोडं थांबलो तर राणीही निघेल. आणि असलं भंगार समुद्रापलीकडून कोण आणतं? विचार."

अनिलनं विचारलं. विक्टरनं खिशातून किल्ली काढली. तिला काळी पडलेली चामड्याची वादी होती. तो गाठ सोडवू लागला, पण थंडीनं बोटं वळेनात. शेवटी दातांनी सोडवली. वादी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि नुसती किल्ली अनिलपुढं धरली.

अनिलनं हात पुढं केला नाही. आईकडं बघत राहिला.

"घे," सुलभाबाई म्हणाल्या. "घरचा बैल विकताना धनी दावं ठेवूनच घेतो. चोराचा दाव्यासकट मिळतो."