जिन्याचे वळण

"ह्यो जिना अरुंद हाय," असे म्हणून सिद्रामप्पांनी नकाशा अलगद मुलाकडे परत सरकवला.

शंभुलिंग हसला. मुरूमच्या बाजारपेठेतील चौदा फूट रुंदीच्या जागेवर तीन मजली घर बसवणे म्हणजे काही पोरखेळ नव्हे. तथापि आजवर त्याने परक्यांचीच घरे रेखाटली होती, आणि हे स्वतःचे होते. तळमजल्यावर दाराला लागूनच अप्पांची खोली. मध्ये स्वयंपाकघर आणि बायकोची, शिवरंजनीची शिवणाची खोली. सर्वांत वर तो स्वतः.

"वरनं अख्खं मुरूम दिसंल, अप्पा! एकदा वर गेलो की मला खाली उतरवणं कुणाच्या बापाला जमणार न्हाय."

"बापाला तर न्हायच जमायचं," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची मागवली. तीवर ताठ बसून त्यांनी एक हात डोक्याच्या वर धरला.

"वळणावर एवढी उंची भरंल का? अन् दोन्ही अंगाला माणसं?"

"कपाट, पलंग दोरानं बाहेरनं चढवू की. आता समदे तसंच करतात."

"कपाटाचं न्हाय म्हनत म्या."

"मग कशाचं?"

अप्पांचा हात गळ्यातील इष्टलिंगावर गेला.

एवढा प्रशस्त जिना काढायचा, तर शिवरंजनीची खोली साफ गिळली जाणार होती. लग्नापासून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फोडणीच्या धुरात मशीन चालवत आली होती. या खोलीचे वचन शंभुलिंगने तिला सर्वांदेखत दिले होते. ते मोडणे त्याला मरणप्राय होते.

"म्हातारपणी हट्ट चढतो, दुसरं काय," तो चहा घेताना तिला म्हणाला.

"हट्ट न्हाय तो," शिवरंजनी हळूच म्हणाली. "शांतम्मा आत्यांना सोलापुरात वरच्या मजल्यावरनं उतरवलं, तवा तुमी न्हवता. म्या होते."

शंभुलिंगचा पेला हातातच राहिला. त्यांच्या लिंगायत समाजात मृतास आडवे नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून, खांद्यावर घेऊन, मानाने नेतात. परंतु त्या चिंचोळ्या जिन्यात विमान वळेना. अखेर अप्पांच्या थोरल्या बहिणीला सतरंजीत गुंडाळून, गाठोड्यासारखे खाली आणावे लागले होते.

"तवापास्नं अप्पा कुणाच्या बी घरी गेले की आधी जिना बघतात," ती म्हणाली. "माझी खोली नसली तरी चालंल. त्यांच्या मनासारखं करा."

शंभुलिंगने पेला खाली ठेवला. त्याचा आत्मविश्वास तसूभरही ढळला नाही. एवढ्याशा अडचणीवर तोड नसेल, तर नकाशे काढून उपयोग काय? तो तडक बाहेर जाऊन अप्पांच्या पायाशी बसला.

"अप्पा, समजलं मला. आवो, तुमची खोली खालीच हाय! दार चांगलं पाच फूट रुंद ठेवतो. तुमाला त्या जिन्याचं कामच पडणार न्हाय. आता तरी व्हय म्हणा."

सिद्रामप्पा खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी मुलाच्या मस्तकावर हात ठेवला.

"शंभर वर्सं जग, लेकरा. माझं काय, म्या दारातनं ऐटीत जाईन," ते म्हणाले. "वर तू ऱ्हाणार हायेस."