मऊ सोफ्याची खोली

खोलीचं दार उघडलं आणि हॉलमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. वर्गात बाई प्रश्न विचारायला लागल्या की मुलं घालतात तशा. नर्स कोणाकडे बघतेय हे कोणालाच बघायचं नव्हतं.

"ताई, तुम्ही. जरा आत येता का?"

शिवणकाम करणाऱ्या बाईने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. म्हणजे ताई म्हणजे तीच.

तिचा धाकटा भाऊ सकाळपासून ऑपरेशन थिएटरमध्ये होता. हृदयाची झडप बदलायची होती. आईवडिलांच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. शिलाई मशीनच्या पायाशी, चिंध्यांशी खेळत तो मोठा झाला. त्याच्याशिवाय तिला जगात कोणी नव्हतं, आणि आता तिला त्या खोलीत बोलावत होते.

पूर्वी इथले डॉक्टर पाण्याच्या कूलरपाशी उभ्यानेच काय ते सांगून टाकायचे. ग्लास भरायला आलेला माणूससुद्धा कोणाचं कोण गेलं ते ऐकून जायचा. इमारत नव्याने बांधली तेव्हा कोणा भल्या माणसाला ते बरं वाटलं नाही. त्याने ही खोली काढली. मऊ सोफा, मंद दिवा, हिरवा पडदा, टिश्यूचा खोका. हेतू चांगलाच होता. पण खोलीचं दार उघडायचं हॉलमध्ये, आणि हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या त्याच दाराकडे तोंड करून, शिवाय जमिनीला बोल्टने आवळलेल्या. बरी बातमी थिएटरच्या दारातच मिळायची. खोलीत गेलेला माणूस मात्र डोळे पुसतच बाहेर यायचा. पाटी कोणी लावली नव्हती, तरी नव्या माणसालाही हे सांगावं लागत नसे.

तिला तर हे सगळं कंडक्टरकाकांनी सांगितलंही होतं. हे निवृत्त बस कंडक्टर. त्यांची बायको शेजारच्या थिएटरमध्ये होती. खुर्च्या रिकाम्या असूनही ते सकाळपासून खांबाला खांदा लावून उभे होते. "आयुष्यभर लोकांना बसा म्हणत आलो," ते म्हणाले होते. "स्वतः बसलो की चुकल्यासारखं वाटतं." दिवसभर त्यांनी तिला हसवायचा प्रयत्न केला होता. स्वतःच्या बायकोविषयी मात्र एवढंच म्हणाले होते, की आमच्या हिला अंधाराची भीती वाटते, आणि आत भूल दिल्यावर अंधारच असणार.

"जे काय असेल ते इथेच सांगा," बाई नर्सला म्हणाली. "मी त्या खोलीत येणार नाही."

"ताई, सगळ्यांसमोर कसं सांगू?"

"मग सांगू नका."

नर्सने कपाळावर हात मारला. कंडक्टरकाका खांब सोडून पुढे आले. त्यांनी बाईच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली.

"जा. मी आहे इथे. पिशवी कुठे जात नाही."

ती गेली. आत पडद्याची खालची दुमड वाकडी शिवलेली होती, तेवढंच तिला दिसलं. डॉक्टरीणबाई दाराशीच उभ्या होत्या. ती सोफ्यावर बसायला वळली, तर डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला.

"अहो, बसताय कशाला? भाऊ चांगला आहे तुमचा. झडप छान बसलीय. संध्याकाळी भेटा त्याला."

बाईला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा आधी रागच आला.

"मग इथे कशाला बोलावलंत? जीव जायचा बाकी होता माझा."

"काल एक आजी दाराची चौकट धरून राहिल्या, आत येईनात," नर्स म्हणाली. "या खोलीत कोणी यायलाच तयार नाही. म्हणून आजपासून बरं-वाईट सगळं इथेच सांगायचं ठरवलंय. सुरुवात तुमच्यापासून."

ती डोळे पुसतच बाहेर आली. कंडक्टरकाकांच्या हातात तिची पिशवी होती, ती त्यांनी छातीशी धरली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ चांगला आहे. आजपासून चांगलं असलं तरी तिथेच सांगणार आहेत."

हॉलभर कुजबूज पसरली. कोणीतरी डबा उघडला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने पाय पसरले. त्या दाराकडे लोक पहिल्यांदाच सरळ मान करून बघत होते. कंडक्टरकाका तर लहान मुलासारखे हसले. तिलाही त्यांच्याकडे बघून फार बरं वाटलं.

"सोफा खरंच मऊ आहे का हो?"

"काय माहीत. बसूच दिलं नाही मला. उभ्यानेच सांगितलं आणि पिटाळलं बाहेर."

"उत्तम. आपल्याला तसंच आवडतं."

थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं. या वेळी मान कोणीच खाली घातली नाही.

"काका, जरा आत येता का?" नर्स म्हणाली.

काकांनी पिशवी तिच्या हातात दिली, खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला. "आमची ही शुद्धीवर आली वाटतं," ते म्हणाले. "मला असं विस्कटलेलं बघितलं तर ओरडेल." भरभर चालत ते गेले. दारात वळून त्यांनी तिला हात केला. तिनेही हसून हात केला.

दार मिटता मिटता आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"बसा, काका."