त्या रोगाचं नाव

नरसी गावात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. घेतलं की तो घरात शिरतो, असं म्हणत. औरंगाबादेहून छातीचं ऑपरेशन करून आलेली रुक्माबाई मात्र दुष्काळात बसवलेल्या हापशावर बायांना सांगू लागली, "मला कॅन्सर झाला व्हता. समद्याच गाठी कॅन्सरच्या नसतेत. तुकडा काढून तपासतेत, त्याला बायोप्सी म्हन्तेत. म्हना, बायोप्सी!"

बाया अर्ध्या घागरी उचलून पांगल्या.

घरी सासू गोजरबाई कडाडली, "पुन्हा ते नाव काढलंस तर माहेरचा रस्ता धर."

"नाव न घेता दोन वरसं गाठ दडवली, आत्याबाई. म्हनून अख्खी छाती द्यावी लागली. आता रोज घेनार."

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन निघाली, तर गोजरबाई दाराला कडी घालून आडवी उभी. रुक्माबाई भांडायच्या तयारीनं पुढं झाली. सासूनं तिचा हात ओढून आपल्या पदराआड, छातीवर दाबून धरला.

"सहा महिन्यांची हाये. ते तुकड्याचं नाव पुन्हा सांग. डाक्टरापुढं ते मला सोताच बोलायचंय."