जास्तीच्या रेषा

मनालीला येऊन जेमतेम महिना झाला होता, पण नाशिक रोडच्या त्या लेझर कटिंगच्या दुकानात शेठच्या तोंडी आता तिचंच नाव असे. जुन्या शलाकाचा नुसता जळफळाट होई.

आज मनालीनं पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांसाठी क्रेटवर नाव रंगवायच्या स्टेन्सिलचं डिझाइन केलं. फाइल तपासायला शलाकाकडे आली. शलाकानं आजवर स्टिकरच कापले होते. 'व'च्या, 'ब'च्या आत बारीक आडव्या पट्ट्या दिसल्या आणि तिला उकळ्या फुटल्या.

"एवढा कचरा! आणि म्हणे हिचं काम साफ!"

तिनं माउसनं एकूण एक पट्टी छाटली आणि प्लास्टिकची शीट लेझरला लावली.

शेठनं कापलेली शीट उचलली, तर अक्षरांमधले गोल तुकडे खाली गळून पडले. पट्ट्या त्यांनाच धरून ठेवायला होत्या.

"पट्ट्या कुठायत?" शेठ कडाडले.

शलाकाचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्याकडे एकदा बघून मनाली म्हणाली, "माझ्याकडून राहिल्या, शेठ. लगेच नवीन करते."

शेठ निवळले.



"बघ शलाका, चूक कबूल कशी करायची, तेसुद्धा शीक जरा हिच्याकडून!"