आपल्या डिस्कपुरता शोध

सामसूम घरात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी शाल्मली दचकली आणि तिची नजर पुन्हा संगणकाच्या पडद्यावरच्या शोधाच्या आज्ञेवर गेली. अपघातात गेलेल्या नवऱ्याचा आवाज तिला स्वतःच्या आठवणींच्या डिस्कमध्ये शोधायचा होता. पण 'दुसऱ्या डिस्कमध्ये शिरू नकोस' एवढं लिहायचं राहूनच गेलं होतं. अभ्यासासाठी लेकीची, रेवाचीही डिस्क त्याच संगणकाला जोडलेली होती. शोध जिथे पोचे, तिथली आठवण त्या माणसाच्या मनात जागी होई, आणि अपघाताचा दिवस डॉक्टरांनी रेवाच्या मनात मुद्दाम निजवून ठेवला होता.

तिने धडपडत शोध थांबवला. पडद्यावर रेवाचं नाव येऊन गेलं होतं.

"रेवू, झालं का गं चित्र काढून?"

रेवा दारात उभी होती. "आई, बाबा गाडीतून हाका मारत होते, तेव्हा तू मलाच घेऊन का पळालीस?"