पाहुण्यांचा रकाना

दुपारच्या शांततेत दाराची कडी वाजली. जमिनीवर चित्र रंगवत बसलेल्या लेकीला ओलांडून तिने दार उघडलं. गल्लीतल्या पार्किंगबद्दल घरोघरी मत लिहून घ्यायला नगरपालिकेचा कारकून आला होता.

"नवा नियम असा होणार आहे, ताई. इथे राहणाऱ्याच्या गाडीला पास. पाहुण्याच्या गाडीला दोन तास, पुढे दंड. तुमची गाडी?"

"आमची नाही. पण दर रविवारी एक येते. सकाळी दहाला येते, संध्याकाळी सहाला जाते."

"आठ तास? अहो, गाडी बंद पडली तरच पाहुणा इतका वेळ बसतो. घरातलंच कुणी आहे का?"

"हिचे बाबा. आधी इथेच राहायचे."

कारकून ओशाळला. कागद पुढे करत हळूच म्हणाला, "रकाने दोनच आहेत, ताई. रहिवासी, नाहीतर पाहुणा."

तिने पेन घेतलं आणि 'पाहुणा'वर खूण केली. खाली सूचनांच्या जागेत ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'रविवारी दोन तास पुरणार नाहीत. मुलगी लहान आहे.'

कारकून गेला. लेकीने चित्रातून मान वर केली.

"आई, बाबा पाहुणा आहे?"

"कागदावर तसं लिहावं लागतं, बाळा."

"पण पाहुणे आले की तू लगेच चहा टाकतेस. मग बाबाला कधीच का गं विचारत नाहीस?"