घरटी एक लाकूड

मंगळूचं प्रेत सकाळपासून ओसरीत पडून होतं आणि गाव समाजमंदिरात बसलं होतं.

हरसूलकडच्या या गावात कुणी गेलं की सरणाला घरटी एक सुकं लाकूड येतं. श्रावणाच्या झडीत रानात सुकी काडी मिळत नाही, आणि भागीबाईकडे होतं ते चुलीपुरतं. म्हणून नवऱ्याला एकटं टाकून ती समाजमंदिराच्या दारात येऊन उभी राहिली.

"टेकडी खाणीला द्यायला अख्ख्या गावानं हात वर केले," सरपंच रावजी म्हणाला. "एकट्या मंगळूनं नाय केला. वर तालुक्याला अर्ज लावून काम बंद पाडलं. आता त्याला गावानं लाकूड द्यायचं का?"

"रावजीदादा, मेल्या माणसाशी कसलं भांडण?"

"मी कोण ठरवणारा, वयनी? लोकशाही हाय. लाकूड द्यायचं नाय म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

रावजी तसा वाईट माणूस नव्हता. तो फक्त हात मोजायचा. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं तर सगळं गाव होतं. आधी पुढचे हात वर गेले, मग मागचे. यादवचा हात अर्ध्यात थांबला. त्याच्या बापाच्या सरणाला पहिलं लाकूड मंगळूनं आणलं होतं. त्यानं शेजारी पाहिलं आणि हात वर केला.

भागीबाई घरी परतली तर ओसरीत रंगूबाई उभी. गेल्या साली गावानं तिला भुताळी ठरवून वाळीत टाकलं होतं. इरलं तिनं काखेतल्या लाकडावर धरलं होतं आणि स्वतः चिंब भिजली होती.

"नको गं. गावानं नाय म्हटलंय."

"गावानं ना? मी कुठं गावात हाय?"

भागीबाईला रडू फुटलं. मेलेल्या नवऱ्यापुढेही ती इतकी रडली नव्हती.

"तुझ्या टायमाला मी बी हात वर केला होता, रंगू."

"म्हाईत हाय. पाहिला होता मी."

रंगूबाईनं लाकूड प्रेताच्या कडेला ठेवलं. एका लाकडात माणूस जळत नाही, हे दोघींनाही कळत होतं. मग रंगूबाईनं वर छपराकडे पाहिलं. वासे जुने होते, धुरानं काळे पडलेले, खडखडीत सुके.

"कुऱ्हाड हाय ना घरात?" तिनं विचारलं.